नवी डिस्क टाकूनही ब्रेक दाबताना स्टिअरिंग पुन्हा थरथरतंय? आधी हब तपासा

ताशी ८० ते १०० च्या वेगात हलका ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं, पेडल पायाखाली धडधडतं आणि पाय उचलला की सगळं शांत. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘डिस्क आऊट झाली.’ मग डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, लेथवर फेस करून (तोंड छिलून सपाट करून) मिळते, नाहीतर नवी जोडी बसते. पहिल्या दिवशी गाडी अगदी सुरळीत थांबते. काही हजार किलोमीटर झाले की तीच थरथर परत येते आणि या खेपेला दोष डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या माथी जातो. तिसऱ्या जोडीनंतर मालक एकतर गाडी विकायच्या गोष्टी करतो, नाहीतर थरथर अंगवळणी पाडून घेतो.

माझं म्हणणं सरळ आहे. नवी डिस्क टाकल्यावर थरथर थांबत असेल आणि काही महिन्यांनी परतत असेल, तर डिस्कची वाट लावणारं कारण गाडीतच बसलेलं आहे. ते सापडेपर्यंत पुढची जोडी विकत घेऊ नका. बहुतेक वेळा ते डिस्कच्या मागे, हबच्या तोंडावर असतं. हब म्हणजे डिस्क आणि चाक ज्याच्यावर आवळले जातात तो फिरणारा भाग. त्याच्या खालोखाल नंबर लागतो अडकलेल्या कॅलिपरचा, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा, आणि कसेही आवळलेल्या चाकाच्या नटांचा.

थरथर येते कुठून

‘डिस्क वाकडी झाली’ असं सगळेच म्हणतात, पण बीडाची डिस्क रोजच्या वापरात खरोखर वाकण्याचे प्रसंग फार कमी. होतं असं की डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. एका जागी ती २२.०० मि.मी. असते, समोरच्या बाजूला २१.९८. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण ब्रेकला लागतो. जाड भाग पॅडमधून जाताना पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की पुढे येतो. ब्रेक ऑइलचा दाब त्याच तालात वर-खाली होतो आणि तो पेडलपर्यंत पोचतो. शिवाय पकड कमी-जास्त होत असल्याने चाक स्टिअरिंगला झटके देतं. जाडीत ०.०१५ ते ०.०२ मि.मी. फरक पडला की बऱ्याच गाड्यांत तो जाणवायला लागतो.

आता खरी गंमत. डिस्क हबवर किंचित तिरकी बसली असेल, म्हणजे फिरताना डावीकडे-उजवीकडे डोलत असेल, तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. साध्या एका पिस्टनच्या कॅलिपरमध्ये पूर्ण कॅलिपर स्लाइड पिनवर सरकतो आणि डोलणाऱ्या डिस्कच्या मागे जातो. जाडी सारखी असल्यामुळे ऑइलचा दाब हलत नाही. म्हणून नवी डिस्क बसवल्यावर चाचणी फेरीत सगळं छान वाटतं आणि गाडी ताब्यात दिली जाते.

नुकसान होतं ते ब्रेक न दाबता गाडी चालवताना. डोलणाऱ्या डिस्कचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेऱ्यात एकदा पॅडला घासून जातो. साधारण ६० सेंटिमीटर व्यासाचं चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ५३० फेरे घेतं. पाच हजार किलोमीटरमध्ये ते सव्वीस लाखांच्या वर जातात. तितक्या वेळा तीच जागा घासली की तिथली जाडी कमी होणारच. डोलणं आणि झिजणं यांच्यामध्ये हे हजारो किलोमीटर गेलेले असल्यामुळे कारण आणि परिणाम यांची गाठ कुणी घालत नाही. ‘तीन महिने चांगली चालली म्हणजे बसवताना चूक नव्हती’ हा युक्तिवाद ऐकायला बरोबर वाटतो, पण उलट आहे. बसवतानाची चूक नेमकी काही महिन्यांनीच बाहेर पडते.

वेगाचं कोडंही यातच सुटतं. ताशी ९० ला हेच चाक सेकंदाला सुमारे १३ फेरे घेतं. या आसपास कुठेतरी सस्पेन्शन आणि स्टिअरिंग यांचा स्वतःचा हेलकावा असतो. ताल जुळला की थरथर मोठी होते. त्यामुळे ताशी ४० ला जी गाडी शहाण्यासारखी थांबते, तीच हमरस्त्यावर अंग हलवते.

आधी खात्री करा की ही ब्रेकचीच थरथर आहे

ब्रेक न दाबता त्याच वेगाला स्टिअरिंग हलत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा फुगलेला टायर बघा. डिस्कला हात लावू नका. वेग घेताना थरथर येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टकडे संशय जातो. ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला आणि पेडल खडखडलं तर ते एबीएसचं (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम आहे, बिघाड नाही. मात्र कोरड्या रस्त्यावर गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये पेडल खडखडत असेल तर व्हील स्पीड सेन्सरची रिंग गंजलेली किंवा तडकलेली असू शकते. तोही डिस्कचा दोष नव्हे, पण डिस्क मात्र त्यासाठी बदलली जाते.

थरथर स्टिअरिंगमध्ये जास्त असेल तर पुढची चाकं, सीटमध्ये आणि कमरेखाली जास्त असेल तर मागची. साध्या दांड्याचा हँडब्रेक असलेल्या गाडीत आणखी एक चाचणी करता येते. रिकाम्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर ताशी ४० च्या आत हँडब्रेकचं बटण दाबून धरा आणि दांडा हळूहळू ओढा. थरथर आली तर मागचे ड्रम किंवा डिस्क. बटण सोडायचं नाही, म्हणजे चाक लॉक व्हायला लागलंच तर लगेच सोडता येतं. बटणावर चालणाऱ्या इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकवर हा प्रयोग अजिबात करू नका.

पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल, टाकीतलं ब्रेक ऑइल कमी होत असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

गाडी सपाट, टणक जागेवर. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीजवळ हात घालणाऱ्यांना मी काही सांगू शकत नाही. ब्रेकची धूळ हवेच्या नळीने उडवू नका, ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा. ती फुप्फुसात जाण्यासारखी गोष्ट नाही, आणि जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. कॅलिपर सोडला की तारेने स्प्रिंगला टांगा. रबरी होजवर लोंबकळत ठेवला की होजच्या आतला थर फाटू शकतो आणि तो पुढे कसा छळतो ते खाली येतंच आहे.

हत्यारांमध्ये दोन गोष्टी नेहमीच्या पेटीत नसतात: चुंबकी स्टँडसह डायल गेज (टोकाची बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप), आणि ०.००१ मि.मी. पर्यंत वाचणारा मायक्रोमीटर. साध्या व्हर्नियरने हे काम होत नाही. त्याचं सर्वांत बारीक वाचन साधारण ०.०२ मि.मी. असतं, म्हणजे आपल्याला जो फरक शोधायचा तो त्याच्या एका घरात लपून जातो. शिवाय जुन्या डिस्कच्या काठावर न झिजलेली वरंबी असते आणि व्हर्नियरचे जबडे तिच्यावरच टेकतात.

डिस्कची जाडी मोजणं

चाक काढा. काठापासून साधारण १० मि.मी. आत, गोलाकार आठ ठिकाणी खडूने खुणा करा आणि प्रत्येक ठिकाणी जाडी मोजून कागदावर लिहा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत छोट्या आकड्यातला फरक ०.०१५ च्या वर असेल तर थरथरीचं मूळ हातात आलं. त्याच वेळी किमान जाडीही बघा. ती डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते. त्याच्या खाली गेलेली डिस्क फेस करण्यात अर्थ नाही.

आठही आकडे जुळले तर थरथर दुसरीकडून येते आहे. मग तोच सोहळा मागच्या चाकांवर करा. मागे ड्रम असतील तर ड्रम लंबगोल झालेला असू शकतो. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक घट्ट ओढून गाडी उभी करण्याची सवय त्याला कारणीभूत ठरते.

हब: बहुतेकांचं उत्तर इथे आहे

डिस्क काढली की हबचं तोंड दिसतं. चाकाचे बोल्ट जिथून बाहेर येतात त्यांच्या मुळाशी गंजाची कडी जमलेली असते. वरवर वायर ब्रश मारला तरी ती कडी तशीच राहते, आणि डिस्क नेमकी तिच्यावर टेकते. हिशेब बघा. हबच्या तोंडाचा व्यास समजा १४० मि.मी. आणि डिस्क मोजायची जागा २६० मि.मी. व्यासावर. हबच्या कडेला ०.०३ मि.मी. चा गंजाचा पापुद्रा असेल तर डिस्कच्या काठावर तो तिरकेपणा ०.०५ च्या पुढे जातो. बऱ्याच गाड्यांमध्ये डिस्कच्या डोलण्याची मर्यादाच ०.०५ च्या आसपास असते, काहींमध्ये थोडी जास्त. म्हणजे एका पापुद्र्याने पूर्ण मुभा संपली, आणि डिस्कचा स्वतःचा तिरकेपणा अजून यात धरलेलाही नाही!

त्यामुळे साफसफाई नीट करा. प्रत्येक बोल्टच्या मुळाशी पोचणारा गोल ब्रश ड्रिलला लावून मिळतो. तो नसेल तर बोल्टच्या बाजूबाजूने छोट्या वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासा. हबच्या मधल्या गोल खांद्यावरचा गंजही काढा, कारण डिस्कचं भोक त्यावर अडकलं तरी डिस्क तिरकी बसते. धातू चकचकला पाहिजे असा आग्रह नाही, पण बोट फिरवलं की कुठेही टोचता कामा नये. जुनीच डिस्क परत बसवणार असाल तर तिच्या आतल्या तोंडाला आणि रिमच्या मागच्या तोंडालाही हीच शिक्षा. हबच्या तोंडावर ग्रीसचा लपका लावू नका. त्यात धूळ बसून नवा पापुद्रा तयार होतो. गंजविरोधी लेप लावायचाच असेल तर फडक्याने पुसून उरेल इतकाच, तोही मधल्या खांद्यावर.

नवी डिस्क खोक्यातून काढून थेट बसवू नये. तिच्यावर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला पॅड ते तेल पितो.

आता डोलणं मोजायचं. डिस्क हबवर ठेवा आणि चाकाचे सगळे नट वॉशर किंवा स्पेसर घालून, समोरासमोरच्या क्रमाने, सारख्या जोराने हलके आवळा. चाकाच्या नटाचा शेवट निमुळता असतो, तो वॉशरशिवाय डिस्कवर नीट बसत नाही. डायल गेजचा स्टँड स्टिअरिंग नकलवर (हब ज्यात बसतो त्या न फिरणाऱ्या भागावर) पक्का करा, टोक डिस्कच्या काठापासून १० मि.मी. आत टेकवा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका. फिरवण्यापूर्वी डिस्क दोन्ही हातांनी आत-बाहेर ढकलून बघा. काटा हलला तर व्हील बेअरिंगमध्ये ढिलाई आहे आणि बेअरिंग बदलल्याशिवाय पुढचं सगळं मोजमाप फुकट. काटा स्थिर असेल तर डिस्क हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वाचनातला फरक म्हणजे डोलणं.

०.०५ च्या आत आलं तर छान. शंका असेल तर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा प्रमाण माना. जास्त आलं तर डिस्कवरची उंच जागा खडूने खूण करा आणि तिच्या सर्वांत जवळच्या हबच्या बोल्टवरही खूण करा. डिस्क काढून एक भोक पुढे सरकवून पुन्हा बसवा आणि पुन्हा मोजा. उंच जागा डिस्कवरच्या खुणेबरोबर सरकली तर दोष डिस्कमध्ये. उंच जागा त्याच बोल्टसमोर राहिली तर दोष हबमध्ये. इतकी स्वच्छ साक्ष देणारी चाचणी गाडीच्या दुरुस्तीत क्वचित मिळते आणि तिला दहा मिनिटंही लागत नाहीत. ज्या डिस्कला जागेवर धरणारा एकच छोटा स्क्रू असतो ती भोकं बदलून कायमची बसवता येत नाही, पण चाचणीपुरता तो स्क्रू बाजूला ठेवता येतो.

बऱ्याचदा एक-दोन भोकं सरकवूनच डोलणं मर्यादेत येतं, कारण डिस्कचा थोडा आणि हबचा थोडा तिरकेपणा एकमेकांना खोडतो. सगळ्या जागा फिरवूनही जमलं नाही तर हब बदलावा लागतो, किंवा डिस्कच्या मागे घालायची निमुळत्या जाडीची पातळ चकती मिळते ती मापाप्रमाणे वापरता येते. खड्ड्यात जोरात आपटलेल्या किंवा अपघातात चाकावर मार बसलेल्या गाडीत हब वाकलेला निघण्याची शक्यता बरीच. घरी हातोड्याने डिस्क काढताना हबवर घाव घालणारेही आहेत. डिस्कमध्ये काढण्यासाठी आटे असलेली दोन भोकं दिलेली असतील तर त्यात बोल्ट फिरवले की ती आपोआप सुटून येते.

लेथचा मामला

डिस्क काढून लेथवर फेस करणं मला फारसं पटत नाही. लेथवर डिस्क लेथच्या शाफ्टप्रमाणे सरळ होते. गाडीत तुमच्या हबवर ती परत तिरकी बसते आणि चक्र पुन्हा सुरू. चाकाच्या जागीच, गाडीवर लावून डिस्क फेस करणारं यंत्र मिळत असेल तर गोष्ट वेगळी. ते तुमच्या हबला धरूनच डिस्क छिलतं, त्यामुळे हबचा बारीक तिरकेपणाही त्यात सामावला जातो. मात्र नंतर ती डिस्क काढली तर त्याच भोकांवर परत बसवायची, म्हणून आधी खूण करून ठेवा.

खाचा आणि भोकं पाडलेल्या शर्यतीच्या दिसणाऱ्या डिस्क थरथरीवर इलाज म्हणून घेऊ नका. तिरक्या हबला डिस्कची किंमत कळत नाही.

कॅलिपर मोकळा आहे का

हब सरळ असूनही पॅड डिस्कला सतत चिकटून राहत असेल तर झीज होतेच, वर उष्णतेची भर. काही किलोमीटर फारसा ब्रेक न वापरता चालवा, थांबा आणि दोन्ही पुढच्या चाकांची उष्णता इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. नसेल तर रिमजवळ हात नेऊन अंदाज घ्या, डिस्कला बोट लावू नका. एक चाक उघडच जास्त तापलं असेल तर ते लागून राहतंय.

काढलेले पॅड फेकण्याआधी नीट बघा, ते खूप काही सांगतात. आतला आणि बाहेरचा पॅड यांच्यात दोन मि.मी. किंवा जास्त फरक असेल तर कॅलिपर पिनवर सरकत नाही किंवा पिस्टन जागच्या जागी चिकटलाय. एकच पॅड पाचरीसारखा एका टोकाला जास्त झिजला असेल तर दोनपैकी एक पिन अडकलेली आहे.

पिन काढून जुनं ग्रीस पुसा, गंजाचे खड्डे असतील तर पिन बदला, फाटकी रबरी टोपी बदला. दोन पिनांपैकी एकीला टोकाशी रबरी बुश असेल तर तिची जागा ठरलेली असते. अदलाबदल केली की तीच अडकते. ग्रीस सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठी म्हणून मिळणारं सिंथेटिकच वापरा. बेअरिंगचं साधं ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल किंवा रॉकेल यांनी ब्रेकमधलं रबर फुगतं. ‘डिझेलने धुतलं की चकाचक होतं’ म्हणून धुतलेला कॅलिपर महिन्याभरात जाम होतो, तेव्हा कारण कुणालाच आठवत नाही. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथला गंजही खरवडून काढा. पॅड हाताच्या जोराने सरकला पाहिजे, हातोडी लागत असेल तर काम अपुरं आहे.

पिस्टन मागे ढकलताना निपल (कॅलिपरवरचा, ऑइल आणि हवा काढायचा छोटा स्क्रू) थोडा उघडून त्यातून जुनं ऑइल नळीने बाटलीत घ्या आणि पिस्टन मागे गेला की निपल लगेच बंद करा. सगळी घाण एबीएसच्या यंत्रणेत परत ढकलण्यापेक्षा हे बरं. मागच्या चाकांत हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर बहुधा तो पिस्टन ढकलायचा नसतो, फिरवत आत न्यायचा असतो. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर स्कॅनरने किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय पिस्टनला हातच लावू नये.

पिन आणि पिस्टन दोन्ही मोकळे, तरी चाक लागून राहतं? मग दाब अडकलाय का ते बघा. चाक हाताने फिरत नसतानाच निपल जरा उघडा. ऑइलची चिळकांडी येऊन चाक सुटलं तर दाब आत कोंडलेला होता. निपल बंद करा, पेडल दाबून सोडा, चाक पुन्हा धरलं की आता रबरी होज जिथे लोखंडी पाइपला जोडला जातो तिथला नट थोडा सैल करा. तिथे सैल करूनही चाक धरून राहिलं आणि निपल उघडल्यावर सुटलं तर होजचा आतला थर सुजून बंद पडलाय. तो ऑइल जाऊ देतो, परत येऊ देत नाही. बाहेरून असा होज नव्यासारखा दिसतो. वरचा नट सैल केल्यावर लगेच सुटलं तर शोध मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडलच्या जोरावर ऑइलचा दाब तयार करणाऱ्या भागाकडे न्या. दोन्ही पुढची चाकं एकदम धरत असतील तर मास्टर सिलिंडर बूस्टरपासून (पेडलचा जोर वाढवणाऱ्या मागच्या डब्यापासून) तीन-चार मि.मी. सैल करून बघा. चाकं मोकळी झाली तर मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या आतल्या दांडीला, पुशरॉडला, मोकळी जागाच उरलेली नाही. या सगळ्या उद्योगात सांडलेलं ऑइल पाण्याने लगेच धुवा, रंग उडतो. शेवटी सगळे जोड घट्ट करून हवा काढा.

चाकाचे नट

पंक्चर काढून आल्यावर थरथर सुरू झाली, असं सांगणारे कमी नाहीत. एअर गनने एक नट खच्चून, दुसरा त्याहून खच्चून आवळला की डिस्कचा मधला भाग रिम आणि हब यांच्यात पिळला जातो. हबवर घेतलेली सगळी मेहनत इथे वाया जाते. नट हाताने लावा, समोरासमोरच्या क्रमाने आधी अर्ध्या जोराने, मग टॉर्क रेंचने पूर्ण. बऱ्याच छोट्या गाड्यांचा आकडा ८५ ते १२० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, पण तुमच्या गाडीचा मॅन्युअलमध्येच बघा. शंभरेक किलोमीटरनंतर एकदा तपासा. टायरच्या दुकानात गेलात तर घरी येऊन सगळे नट सैल करून पुन्हा याच पद्धतीने आवळायला पाच मिनिटं लागतात.

तापलेल्या डिस्कवर पडलेले पॅडचे ठसे

हब ठीक, कॅलिपर मोकळा, नट सारखे, तरी थरथर. अशा वेळी डिस्कवर पॅडच्या आकाराचा गडद किंवा निळसर ठसा दिसतो का बघा. लांब घाट उतरून डिस्क भाजलेली असताना गाडी थांबवली आणि पेडल दाबूनच उभे राहिलात तर पॅडचा मालमसाला त्या एका जागी चिकटतो. तिथली पकड बाकीच्यापेक्षा वेगळी होते. ठसा ताजा, हलका असेल तर पॉलिश पेपरने घासून आणि खाली दिलेल्या पद्धतीने ब्रेक रुळवून तो जातो. तीच जागा वारंवार तापली तर मात्र बीडाचं रूपच तिथे बदलतं, अतिशय कठीण डाग तयार होतात आणि ते पृष्ठभागाच्या खालपर्यंत जातात. अशी डिस्क फेस केली तरी कठीण जागा कमी झिजते, आजूबाजूची जास्त, आणि उंचवटा परत डोकं वर काढतो. ती डिस्क बदला.

उतारावर वरचेवर पाय ब्रेकवर टेकवून ठेवण्याऐवजी खालचा गिअर टाका. खूप तापलेल्या ब्रेकनंतर सुरक्षित असेल तिथे गाडी थोडी पुढे सरकवत थांबा.

महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पॅडच्या जागेवर गंजाचा ठसा उमटतो. त्यासाठी लगेच काही उघडू नका. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मध्यम ब्रेक मारले की बहुधा साफ होतो.

नवे पॅड-डिस्क बसवल्यावर

गाडी हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिलं पेडल थेट तळाला जातं, आणि हे विसरून गाडी काढली तर ती समोरच्या भिंतीवरच थांबते. डिस्क आणि पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकत्र बदला. जाडी कमी-जास्त झालेल्या जुन्या डिस्कवर नवे पॅड टाकले तर थरथर पहिल्या दिवसापासून हजर.

पॅडच्या खोक्यावर पॅड रुळवण्याची, म्हणजे डिस्कशी जुळवून घेण्याची, पद्धत दिली असेल तर तीच पाळा. दिली नसेल तर रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत मध्यम जोराने वीसेक वेळा वेग कमी करा, दर वेळी अर्धा मिनिट थंड होऊ द्या, पूर्ण थांबू नका. नंतर पाच-दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा, अर्थात कुणी आडवं आलं तर पूर्ण दाबा.

ब्रेक ऑइलचा थरथरीशी थेट संबंध नाही, पण निपल उघडलेच आहेत तर दोन वर्षं झालेलं ऑइल बदलून घ्या. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उकळबिंदू उतरतो. डॉट ४ या दर्जाच्या ताज्या ऑइलचा किमान उकळबिंदू २३० अंश सेल्सिअस ठरलेला आहे, ओलावा शोषलेल्याचा १५५. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळायचं नाही.

हे सगळं करूनही हलकी थरथर उरली तर सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सांधे, म्हणजे लोअर आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोकं तपासा. ढिले बुश थरथर जन्माला घालत नाहीत, पण निरोगी गाडीत कुणाला कळलाही नसता असा झटका ते स्टिअरिंगपर्यंत मोठा करून आणतात.

आठ ठिकाणच्या जाडीचा कागद जपून ठेवा. नवी डिस्क बसवल्याच्या दिवशीचे आकडे लिहा आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर चाक काढून त्याच आठ जागा पुन्हा मोजा. सगळ्या जागा सारख्याच झिजल्या असतील तर काम झालं. एकाच बाजूला दोन-चार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे ०.००१ मि.मी.) जास्त गेले असतील तर थरथर हाताला लागायच्या आतच डायल गेज पुन्हा लावा.